लोकोनेटला तीन संगणक जोडताना यूएसबी एकालाच द्या

तुमच्या मॉडेल रेल्वेची मांडणी मला समजली ती अशी: इंजिनांना हुकूम देणारं डिजिट्रॅक्स कंपनीचं कमांड स्टेशन, त्याच्या लोकोनेटला (उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारेला, म्हणजे बसला) यूएसबी इंटरफेसने जोडलेला एक लॅपटॉप आणि त्यावर रेल्वे चालवायचं जेएमआरआय सॉफ्टवेअर. आता यार्डाजवळ दुसरा आणि डिस्पॅचरच्या (गाड्यांची वाहतूक ठरवणाऱ्याच्या) टेबलावर तिसरा संगणक हवा आहे. तिघांना तीन इंटरफेस घ्यायचे का, हा प्रश्न. शिवाय पुढे एलसीसी (लोकोनेटसारखीच दुसरी बस) आणायचा विचार आहे.

तीन इंटरफेस घेतलेत तरी चालेल. लोकोनेटवरचं प्रत्येक उपकरण बसवरचं सगळं बोलणं ऐकतं आणि लाइन मोकळी दिसली की स्वतः बोलतं, त्यामुळे दोन-तीन इंटरफेस एकत्र नांदतात. वेगाचीही काळजी नको. लोकोनेट साधारण १६.६६ किलोबॉडवर चालतं, म्हणजे सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा) वळवण्याचा चार बाइटचा निरोप अडीच मिलिसेकंदांच्या आत जातो. तरीही मी इंटरफेसवर पैसे घालणार नाही. लेआउटला यूएसबीने एकच संगणक जोडा आणि बाकीचे घरच्या नेटवर्कवरून येऊ द्या.

त्याआधी प्रत्येक संगणकाचं काम ठरवा. डिस्पॅचरला पॅनेल (रुळांचा पडद्यावरचा नकाशा) बघायचं आणि त्यावर टिचकी मारून सांधे वळवायचे एवढंच असेल, तर तिथे जेएमआरआय बसवूच नका. मुख्य संगणकावर जेएमआरआयचा वेब सर्व्हर सुरू करा आणि डिस्पॅचरच्या ब्राउझरमध्ये मुख्य संगणकाचा आयपी पत्ता, पोर्ट १२०८० टाका. तीच पॅनेलं तिथे चालतात. फोनवरून इंजिन चालवायचं असेल तर इंजिन ड्रायव्हर अ‍ॅप पोर्ट १२०९० वर जोडलं जातं. अनेकांची गरज एवढ्यावरच भागते.

यार्डाच्या संगणकावर खरोखरच वेगळं जेएमआरआय हवं असेल तर मुख्य संगणकावर लोकोनेट ओव्हर टीसीपी सर्व्हर चालू करा. तो पोर्ट १२३४ वर ऐकतो. दुसऱ्या संगणकाच्या कनेक्शनमध्ये यूएसबीऐवजी हाच प्रकार निवडा आणि मुख्य संगणकाचा पत्ता द्या. त्यानंतर लोकोनेटवरचा प्रत्येक निरोप त्यालाही दिसतो.

जोडणी इथे संपते, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. समजा, अमुक ब्लॉकमध्ये (रुळाच्या ठरावीक तुकड्यात) गाडी आल्याचं सेन्सरने कळवलं की सांधा १२ वळवायचा, असा नियम मुख्य संगणकावर आहे आणि तुम्ही तीच प्रोफाइल (जेएमआरआयची सगळी सेटिंग्ज) यार्डाच्या संगणकावर कॉपी केली. सेन्सरची खबर दोघांना मिळते आणि दोघेही हुकूम सोडतात. दोन्हीकडचे नियम सारखे आहेत तोवर कळतही नाही. मग एखाद्या दिवशी तुम्ही एकाच ठिकाणी नियम बदलता. आता एक संगणक सांधा सरळ करतो, दुसरा लगेच वळवतो, आणि तेव्हा गाडी सांध्यावर असली तर डब्याची पुढची चाकं एका रुळावर आणि मागची दुसऱ्यावर जातात. म्हणून नियम, रूट (एकदम वळवायच्या सांध्यांचे संच) आणि सिग्नलचं लॉजिक एकाच संगणकावर ठेवा. फास्ट क्लॉकचंही (खेळातल्या वेगाने धावणाऱ्या घड्याळाचंही) तसंच, घड्याळ चालवणारा एकच असावा.

शंका असेल तर बसवरचे निरोप दाखवणारी लोकोनेट मॉनिटरची खिडकी उघडा आणि ब्लॉकवर हाताने एक इंजिन ठेवा. जेएमआरआय सांध्याला हुकूम देताना आधी ऑन आणि क्षणभराने ऑफ पाठवतं, म्हणून दोन ओळी दिसणं बरोबर आहे. चार दिसल्या तर बहुधा दुसरा संगणकही तोच नियम चालवतोय.

याच्या उलट बाजूही लक्षात घ्या. ज्यांचं नाव आयएसने सुरू होतं ते अंतर्गत सेन्सर आणि जेएमआरआयच्या मेमरी (साठवलेल्या नोंदी) त्या-त्या संगणकापुरत्याच असतात, लोकोनेटवर जात नाहीत. ‘यार्ड भरलं’ अशी खूण एकीकडे लावली तर दुसरीकडे कधीच पोचणार नाही. तशी खूण दोघांना हवी असेल तर कुठल्याही खऱ्या बोर्डाने न वापरलेला क्रमांक घेऊन लोकोनेट सेन्सर बनवा. त्याची स्थिती बदलली की निरोप बसवर जातो.

आणखी एक, १०१७ ते १०२० हे क्रमांक खऱ्या सांध्यांना देऊ नका. जेएमआरआय सुरू होताना सेन्सरांची स्थिती विचारण्यासाठी हेच पत्ते वापरतं. यार्डाचा संगणक खेळाच्या मध्येच सुरू केलात तर ते सांधे हलतील.

मुख्य संगणक शक्यतो वायरने राउटरला जोडा, त्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा आणि स्लीप बंद करा. तो झोपला की सगळेच तुटतात. जोडणी होत नसेल तर आधी फायरवॉल बघा. यंत्रं गेस्ट वायफायवर असतील तर बहुतेक राउटर त्यांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत.

आता एलसीसी. तिथेही पद्धत हीच आहे, फक्त जेएमआरआयचा हब पोर्ट १२०२१ वर असतो आणि प्रत्येक संगणकाचा नोड आयडी (बसवरची ओळख) वेगळा लागतो. प्रोफाइल कॉपी केली तर आयडीही सोबत जाऊ शकतो, तसं झालं तर तो बदला. एलसीसीच्या केबलला इथरनेटसारखाच आरजे-४५ कनेक्टर असतो, पण पिन ७ आणि ८ वर वीजपुरवठा असू शकतो. म्हणून ती केबल चुकूनही राउटरमध्ये खुपसू नका. मी असतो तर दोन्ही टोकांना रंगीत टेप लावली असती. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक) हवा. सगळं बंद करून पिन १ आणि २ मध्ये मल्टिमीटर लावा: साधारण ६० ओहम आले तर ठीक, १२० आले तर एक टर्मिनेटर नाही, आणि ४० आले तर तिसरा कुठेतरी राहिलाय, तो शोधून काढा.