एकही पात्र आवडत नसेल तर सायकॉलॉजिकल थ्रिलर वाचत राहावं का?

वाचा, फक्त पात्र आवडायलाच हवं ही अट सोडा. अशा कादंबऱ्या आपल्याला मायेनं नाही, कुतूहलानं धरून ठेवतात. पॅट्रिशिया हायस्मिथची १९५५ सालची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' घ्या. टॉम रिप्ली खोटारडा, हेवेखोर. होडीत वल्ह्यानं आपल्या श्रीमंत मित्राचा, डिकीचा, खून करतो आणि मग त्याचेच कपडे, अंगठ्या घालून, त्याच्या सहीनं पैसे काढत फिरतो. (रहस्य फोडलं, माफ करा.) तरी पोलीस चौकशीला आले की धडधड आपल्या छातीत होते: पकडला तर जाणार नाही ना? सगळं त्याच्याच नजरेनं दिसत असतं, त्यामुळे आपण त्याच्या बाजूला कधी गेलो ते कळतच नाही. मला तरी खरी मजा तिथेच येते.

कथा 'मी'नं सांगितलेली असेल तर तो काय टाळतोय ते बघा. भांडण पानभर रंगवलंय आणि त्यानंतरची रात्र एका ओळीत उरकलीय? पाणी तिथेच मुरतंय.

पात्रं वाईट आणि वर कंटाळवाणीही असतील, तर मात्र पुस्तक खुशाल मिटा. आणि मन आधीच खचलेलं असताना असलं काही हातात घेऊ नका, झोपेचं खोबरं होतं.