कोच कोण येणार ते नंतर, आधी खुर्चीत कोण बसलंय ते बघा

प्रश्न: भो, 2008 ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल पाहिली तेव्हापासून मी मँचेस्टर युनायटेडचा. दिवसा केळीची शेती, रात्री मॅच. कोच हलला की मोबाईलवर रोज दहा नावं येतात, ग्रुपवर भांडणं होतात आणि शेवटी येतो भलताच. खरं कोणतं मानायचं? आणि हा डायरेक्टर ऑफ फुटबॉल नक्की करतो काय?
– एक वाचक, सावदा

उत्तर: भाऊ, केळीवाल्याला हे अर्धं माहीतच असतं. घड कापणीला आला की व्यापारी बांधावर येऊन सांगतो ना, उद्या बऱ्हाणपूरचा भाव उतरणार, आजच देऊन टाका. तेव्हा आपण आधी बघतो की हे बोलून फायदा कोणाचा. कोचच्या नावांचंही तेच, बरीच नावं एजंट लोकच सोडतात, कारण मोठ्या क्लबशी नाव जोडलं गेलं की आहे तिथे पगार वाढवून मागता येतो.

आता डायरेक्टरचं. कोच शनिवारची मॅच बघतो, डायरेक्टर पुढची तीन-चार वर्षं बघतो, कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं आणि कोच कोण हेसुद्धा. म्हणून मी कोचच्या नावाआधी या खुर्चीकडे बघतो. लिव्हरपूलचं घ्या. जानेवारी 2024 मध्ये त्यांचा कोच क्लॉपने जातो म्हणून सांगितलं आणि सगळीकडे एकच नाव, जर्मनीतल्या लेव्हरकुसेनचा कोच झाबी अलोन्सो. पण क्लबने मार्चमध्ये आधी आपला जुना डायरेक्टर मायकेल एडवर्ड्सला वरच्या खुर्चीवर परत आणलं, बोर्नमथहून रिचर्ड ह्यूजला डायरेक्टर म्हणून घेतलं, आणि मग या दोघांच्या हाताखाली आर्ने स्लॉट ठरला. अलोन्सो तर मार्चअखेरीस लेव्हरकुसेनलाच राहतो म्हणाला होता. पुढच्याच सीझनला स्लॉटने लीग जिंकून दिली, चार मॅच बाकी असताना.

आणि आपलं युनायटेड... लिहितानाही जीव तुटतो हो. 2013 ला कोच फर्ग्युसनबरोबर ऑफिस चालवणारे सीईओ डेव्हिड गिलही गेले, म्हणजे मैदान आणि ऑफिस दोन्ही एकाच उन्हाळ्यात रिकामं. नवा कोच मोयेसला सहा वर्षांचा करार दिला, दहा महिन्यांत काढलं. क्लबचा पहिला फुटबॉल डायरेक्टर थेट मार्च 2021 मध्ये नेमला, तोवर फॅनचे हाल कुत्रं खात नव्हतं. मग 2024 चा उन्हाळा बघा, तेव्हाचा कोच टेन हागला ठेवायचं की नाही यावर इतर कोचशी बोलणी झाली, शेवटी त्यालाच जुलैमध्ये करार वाढवून दिला, त्याच महिन्यात डॅन अ‍ॅशवर्थ स्पोर्टिंग डायरेक्टर (म्हणजे तीच डायरेक्टरची खुर्ची) म्हणून रुजू झाला, ऑक्टोबरमध्ये टेन हाग गेला आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅशवर्थही. या सगळ्या निरोपांचा खर्च क्लबच्याच हिशेबात 1 कोटी 45 लाख पाउंड दिसतो. ज्याने कोच निवडायचा त्याच्याआधीच कोचचा निर्णय झालेला, ही खरी चूक, आणि लीगमध्ये पंधरावा नंबर आला त्याचं सगळं खापर टेन हागनंतर आलेल्या अमोरिमवर फोडणं मला पटत नाही.

खरी बातमी ओळखायची तर कागद बघा. अमोरिमच्या वेळी त्याच्या तेव्हाच्या क्लबने, लिस्बनच्या स्पोर्टिंगने, पोर्तुगालच्या शेअर बाजार नियामकाला लेखी कळवलं की त्याला सोडवून न्यायला करारात ठरलेले 1 कोटी युरो युनायटेड भरायला तयार आहे. अशी नोंद दिसली की ती पावती समजा, त्याआधीचं सगळं बांधावरचं बोलणं.

प्रश्न: आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबला परदेशी कोच कसे सापडतात?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईचा कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला आणि डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आला, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न सिटीचा असिस्टंट कोच. बकिंगहॅमही 2021 ला तिथूनच आला होता. तेव्हा मुंबईत मोठा हिस्सा अनेक देशांत क्लब असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपचा होता आणि मेलबर्नचा क्लबही त्यांचाच, म्हणजे नाव बाहेर शोधायची गरजच नव्हती, घरातलाच माणूस दुसऱ्या गावी पाठवला. क्रात्कीने मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून इंडियन सुपर लीगचा कप आणला, ती मॅच मी उभ्यानेच पाहिली.