डब्याच्या सुट्टीत जाऊन बघा

*पत्र थोडक्यात:* मुलगा आठ वर्षांचा. स्वमग्नता (ऑटिझम) आणि मध्यम बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचं. जवळच्या शाळेत दुसरीत आहे. शांत असतो, खिडकीपाशी बसून बाटलीचं झाकण फिरवतो. बाई म्हणतात, ‘याचं दुसरीकडे बघा.’ सासूबाई म्हणतात, ‘तसल्या’ शाळेत घातला की तो कायम तसाच राहील. दीर पुण्यातली वसतिगृहाची शाळा सुचवतात. आमच्या गावात अनुदानित विशेष शाळा आहे, पण फाटकातून आत पाऊल टाकवत नाही. काय करू? – एक आई, सातारा जिल्हा

ताई,

बाई म्हणाल्या म्हणून लगेच दाखला काढू नका. शिक्षण हक्क कायद्यानं आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथं हवं तिथं, मोफत शिकता येतं. ठरवायचं तुम्ही आहे.

तरीही मला वाटतं, तुम्ही ती विशेष शाळा बघावी. कारण तुमच्याच पत्रातला ‘शांत असतो’ हा शब्द. मी पंचवीस वर्षं विशेष शाळेत शिकवलं. दंगा करणाऱ्या मुलाकडे कुणीतरी धावत येतं. गप्प मुलाची दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात न येता निघून जातात. तुमच्या लेकाला आत्ता कुणी त्रास देत नाही, पण शिकवतही नाही.

शाळा बघायला स्नेहसंमेलनाला जाऊ नका. साध्या बुधवारी, डब्याच्या सुट्टीत जा. डब्याचं झाकण कोण उघडतं? तिथल्या ताई पटापट भरवून मोकळ्या होतात, की कोपराला हलकासा आधार देऊन थांबतात? ते थांबणं म्हणजेच तिथला अभ्यास आहे. संडास-बाथरूम बघायचं आहे असं सरळ सांगा, संकोच करू नका. कोरडं आहे का, मुलांबरोबर आत कोण जातं, विचारा. भिंतीवर दिवसाच्या कामांची चित्रं क्रमानं लावली आहेत का तेही पाहा. पुढं काय होणार हे आधी दिसलं की आपली ही मुलं बरीच निवांत होतात.

मग एखाद्या मुलाचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे त्या मुलाला काय आणि कसं शिकवायचं याचा कागद, नाव झाकून दाखवायला सांगा. सगळ्यांच्या कागदावर तीच वाक्यं असतील तर काय ते समजा. विशेष शिक्षकांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिथल्या शिक्षकांची नोंदणी आहे का, हेही विचारा.

आणि सगळ्यांत मोठ्या मुलांच्या वर्गात नक्की बसा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा स्वतः शर्टाची बटणं लावतोय, पणत्या मोजून खोक्यात भरतोय, की अजूनही तोच ठोकळ्यांचा खेळ पुढ्यात आहे? आणखी आठ-नऊ वर्षांनी तुमचा लेक त्याच वर्गात असेल.

वसतिगृहाचं मात्र आत्ता नको, दीर कितीही प्रेमानं सांगत असले तरी. दिवसभरात काय घडलं हे सांगता न येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलानं रात्री आपल्या माणसांत झोपावं.

सासूबाईंना बरोबर न्या. ‘तसली शाळा’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढं मूल टाकून देण्याची जागा असणार. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची मुंबईतली जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती एका आईवडिलांनी आपल्या मुलीला शिकवायचं ठरवलं म्हणून, हे त्यांना सांगा. त्याच संस्थेनं तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम आज राज्यातल्या अनेक विशेष शाळांत शिकवतात. तुमच्या गावच्या शाळेत शिकवतात का, विचारा.

राहिलं ते फाटक. पहिल्या दिवशी आत गेलात की रडू येईल. लाळ गळणारं, हात झटकणारं, एकदम येऊन मिठी मारणारं मूल दिसेल आणि ‘माझा असा नाही’ असं मनात येईल. फाटकातूनच परत गेलेल्या कितीतरी आया मी पाहिल्यात. त्यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा आल्या. तुम्हालाही दोन खेपा लागल्या तर लागू द्या.

लेकाला नंतर न्या, आणि ते झाकण त्याच्या हातात राहू द्या. तिथल्या ताई ते काढून घेतात, की शेजारी बसून स्वतःही एक झाकण फिरवून बघतात, तेवढं मला कळवा.