गळ, पाणी आणि गॉगल

प्रश्न : दर रविवारी मी महीच्या काठी गळ टाकून बसतो, पण नऊनंतर पाणी इतकं चमकतं की फ्लोटच दिसत नाही. काळा गॉगल घेतला, तरी तेच. पोलराइज्डने खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पडतो हो. साधी काळी काच सगळंच अंधारं करते, चमक तिथेच राहते. पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड बहुतेक आडवा कंप पावतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते, सर्वात जास्त तेव्हा, जेव्हा नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांवर असते. अगदी समोर लांब बघाल तर कमी फायदा, हे दुकानदार सांगत नाही. दुकानात कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू फिरवा, एखाद्या कोनात स्क्रीन काळी पडली तर माल खरा, मी एकदा नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवून सातशे रुपये घालवलेत! यूव्ही ४००, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारं संरक्षण, वेगळं विचारा, ते पोलराइज्डमध्ये आपोआप येतंच असं नाही. रंग म्हणाल तर सकाळी नि उथळ गढूळ पाण्याला तपकिरी, भर उन्हात ग्रे. आणि हो, मोबाइल काळा दिसला तर घाबरू नका, आडवा करून बघा.