एटीएम कार्ड कोणाच्या खिशात?

प्रश्न: ताई, चाकणला माझा कंपन्यांमधला कचरा आणि भंगार उचलायचा छोटासा धंदा आहे. दोन टिपर, एक पिकअप आणि बावीस पोरं, त्यातली सहा माझ्या पगारावर, बाकी सोळा मुकादमाची. एका गिऱ्हाईक कंपनीचं हेड ऑफिस इंग्लंडला आहे, त्यांनी फॉर्म पाठवलाय की तुमच्याकडे आणि तुमच्या सप्लाय चेनमध्ये 'मॉडर्न स्लेव्हरी' होऊ नये म्हणून काय करता ते लिहा. आता मी काय कोणाला साखळीने बांधून ठेवलंय का? थोडीफार उचल देतो इतकंच. सीए म्हणतो सगळीकडे 'यस' टिक कर आणि पाठवून दे. करू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर: सीएला म्हणावं तू जीएसटी बघ बाबा. सही तुमची असणार आहे, त्याची नाही.

आधी हा फॉर्म का आला ते सांगते. इंग्लंडमध्ये २०१५ साली मॉडर्न स्लेव्हरीचा कायदा झाला. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त आहे, तिला दरवर्षी जाहीर सांगावं लागतं की गुलामी रोखायला आम्ही काय केलं, आणि त्यात माल आणि सेवा पुरवणारेही आले, म्हणजे फिरत फिरत ते तुमच्या टिपरपर्यंत पोचलं.

आणि कचऱ्याच्या धंद्याला हे उगाच विचारत नाहीत बरं का. तिकडे बर्मिंगहॅमच्या कोर्टात २०१९ मध्ये एका मोठ्या टोळीला शिक्षा झाली, पोलंडमधले बेघर, व्यसनी, जेलमधून सुटलेले लोक कामाच्या आमिषाने इंग्लंडला आणायचे आणि शेतात, कचरा वेगळा करायच्या रिसायकलिंग सेंटरवर वगैरे राबवायचे. पोलिसांच्या अंदाजाने ४०० च्या वर लोक. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पगार कागदावर व्यवस्थित होता, बँकेत जमा होत होता. पण खाती टोळीने उघडून दिलेली, ताबा टोळीचा. एकेकाच्या हातात आठवड्याला २० पौंड वगैरे टेकवायचे. फॉर्म भरणाऱ्याने काय टिक केलं असतं? 'यस'च की.

आता आपल्याकडचं. मी मागे एका सॉर्टिंगच्या गोडाऊनवर गेले होते, नाव नको. मालक म्हणाला मॅडम सगळं ऑनलाइन, बघा पासबुकं. बघितली, बरोबर होती. मग चहा घेताना मुकादमाने बिड्या काढायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि बिड्यांबरोबर रबरबँड लावलेली एटीएम कार्डांची गड्डी बाहेर आली, नऊ की दहा होती, प्रत्येकाच्या मागे पट्टी चिकटवून बॉलपेनने पिन लिहिलेला. मालक खरंच चकित झाला, नाटक नव्हतं ते. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून तुम्ही आधी विचारा. मुकादमाला नाही, त्या सोळा पोरांना, आणि मुकादम समोर नसताना. तुझं आधार कुठंय? एटीएम कुठंय? उचल किती घेतली आणि फिटली किती? खाडा झाला तर किती कापतात? कामावर लावायचे मुकादमाने पैसे घेतले का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या गावाला जातो म्हणालास तर जाऊ देतील का? उचल दिली म्हणजे लगेच वेठबिगारी झाली असं नाही, पण ती फिटेपर्यंत हलायचं नाही, दुसरीकडे काम धरायचं नाही, असं झालं की तुम्ही सरळ १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात सापडता, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. आणि सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच, दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच, मग मजूर स्वतःच्या पायाने आलेला का असेना. साखळी लागत नाही दादा, भूक पुरते.

उचलीचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा वहीत मांडा, एक प्रत पोराच्या हातात द्या, कार्डं आणि आधार आजच्या आज परत. मग फॉर्ममध्ये खरं लिहा की सोळा माणसं मुकादमामार्फत आहेत, अमुक सापडलं, तमुक सुधारलं. आणि हो, तुमचं प्लास्टिक पुढे ज्या गोडाऊनला जातं तिथेही एक चक्कर मारा, बायकापोरं तिथेच झोपत असतील तर जास्तच.

प्रश्न: आमच्या सोसायटीने कचरा आणि सफाईचा ठेका दिलाय, महिना १८ हजारात तीन बायका, सकाळी ७ ते दुपारी ३. त्यातल्या एकीबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी येते आणि ओला-सुका वेगळा करते. ठेकेदार म्हणतो ती आईला मदत करते, त्यात काय. आमची काही जबाबदारी येते का?
– सेक्रेटरी, ठाणे

उत्तर: येते. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायची सूट कायद्यात आहे, पण तुमच्या सोसायटीचा कचरा हा त्या बाईचा घरचा धंदा नाही ना. १४ च्या आतलं मूल कामाला चालत नाही, विषय संपला. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, फक्त त्या बाईचंच काम जाणार नाही एवढं बघा.

पण मला खरं बोलायचंय ते १८ हजारांवर. भागिले तीन करा. ठेकेदाराने एक रुपया खाल्ला नाही तरी बाईच्या हातात सहा हजार, आठ तासांचे. हे किमान वेतनाच्या जवळपासही जात नाही. तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्त कोणी निवडलं? मग मुलगी का येते ते ठेकेदाराला कशाला विचारता.

प्रश्न: मी कचऱ्याच्या गाडीवर आहे. २५ हजार उचल घेतलेली, दीड वर्ष झालं तरी मुकादम म्हणतो फिटली नाही. आधार त्याच्याकडे. आई आजारी आहे, जाऊ देत नाही.
– नाव नको

उत्तर: दादा, निघा. अशी वेठबिगारीची उचल कायद्याने फेडायची राहतच नाही, भीती घालतील पण ते वसूल करू शकत नाहीत. आधार नंबर माहीत असेल तर सेवा केंद्रावर नवीन प्रिंट मिळते, त्यासाठी थांबू नका. १५१०० वर फोन लावा, सरकारी मोफत वकील मिळतो, आणि प्रांत किंवा कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या, त्यात 'वेठबिगारी' हा शब्द लिहा, नुसतं पगाराची तक्रार म्हणून देऊ नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आईला आधी भेटून या.