कंसातलं वाक्य

'ताई, मी डिचोलीची, वय २७. म्हापशात एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते, पगार २२ हजार. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढते. आतापर्यंत ३१ कार्यं झाली (पैशांचं मी स्वतःहून कधी बोलले नाही, "तुम्हाला वाटेल ते द्या" एवढंच म्हणते). कौतुक सगळे करतात, पण गोव्यात या कामाची कदर नाही. गणपतीची चवथ झाली की नोकरी सोडून दिल्लीला जायचं आणि तिथे फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचा, असं ठरवलंय. नोएडाला मैत्रीण आहे, ती म्हणते तू ये, भाड्याचं नंतर बघू. दादा दोन लाख देतो म्हणालाय. तुळशीच्या लग्नानंतर साखळीला मामेबहिणीचं लग्न आहे, मामा म्हणतो तू आहेसच फोटोला, म्हणून तेवढ्यापुरती परत येईन. अजून एक लेन्स घेऊ का? जीएसटीचं काय करावं लागतं? आणि मुख्य म्हणजे आईबाबा तयार नाहीत. मुलीनं एकटीनं एवढ्या लांब कशाला जायचं, हेच चाललंय. त्यांना कसं समजावू?'

बाय,

तुझं पत्र मुळात तीन पानांचं, वर मी ते आखडून दिलंय. तीनातली दोन पानं आईबाबांवर गेली आहेत. त्यांना कसं समजावायचं ते मी सांगणार नाही. माझं लक्ष त्या कंसात अडकलं. पाहुणे यायच्या वेळी नको ते सामान आपण पलंगाखाली सरकवतो, तसं तू ते वाक्य कंसात सरकवलंस. मी ते ओढून बाहेर काढलंय.

चार वर्षं, ३१ कार्यं, आणि एकदाही तोंडातून आकडा नाही. तू हिशेबाचं काम करतेस ना गं? दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाला पैसा जुळवतेस आणि संध्याकाळी स्वतःचा हिशेब समोरच्याच्या मर्जीवर सोडून येतेस. मला याचा राग आला. पत्र वाचून मी उठून स्वयंपाकघरात जाऊन आले, मग लिहायला बसले.

आधी तुझ्या कामाबद्दल. पत्रासोबत चार फोटो पाठवलेस. तीन चांगले आहेत, पण चौथ्यापुढे मी बराच वेळ थांबले. चुड्याचा. काकणकाराचा अंगठा नवरीच्या हाताच्या गाठीवर दाबलेला, हिरवं काकण तिथे अडलेलं, तिने डोळे घट्ट मिटलेत, आणि मागे तिची आई बोटांवर काकणं मोजते आहे. त्या आईकडे त्या क्षणी दुसऱ्या कुणाचंही लक्ष नसणार. तुझं होतं. हा फोटो नशिबाने मिळत नाही, त्याला नजर असावी लागते आणि तासभर पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं. आणि त्या दिवशी काय झालं असेल ते मी इथे बसून सांगते: काकणकाराने उठताना आपले पैसे मोजून घेतले, आणि तू म्हणालीस, तुम्हाला वाटेल ते द्या.

आता तुझाच हिशेब तुला करून देते. तूच लिहिलंस की एका लग्नाला दोन दिवस जातात आणि नंतर सहा रात्री फोटो निवडण्यात, रंग नीट करण्यात. आठ दिवस धरू. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर तुझा पगार रोजचा ८८० रुपये. आठ दिवसांचे ७,०४०. ही नुसती हमाली झाली, म्हापशात टेबलाशी बसून मिळते तेवढीच. तुझा कॅमेरा सव्वा लाखाच्या आसपासचा. त्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण दीड लाख क्लिकपर्यंत चालेल असं बनवणारे सांगतात. म्हणजे एक क्लिक ८० पैशांच्या वरच. लग्नाला तू ३,००० क्लिक करतेस, झाले २,४००. ३१ कार्यं लग्नाएवढीच धरली तर ९० हजारांच्या वर क्लिक गेले, निम्म्याहून जास्त कॅमेरा तू वाटून टाकलास. त्यावर हार्ड डिस्क, कार्डं, स्कूटरचं पेट्रोल. दहा हजार ओलांडले, आणि अजून कमाईचा एक पैसा धरलेला नाही. एका पाकिटात २,००१ निघाले तेव्हा तुला 'बरं वाटलं', असं तू दुसऱ्या पानावर लिहिलंस. त्या लग्नात तू आठ हजारांचा अहेर केलास. कुणी लिहूनसुद्धा घेतला नाही.

हे मी इतकं टोचून का बोलते, ते सांगायला हवं.

आमचे अण्णा पायपेटी वाजवायचे. आपल्याकडे जत्रा सुरू झाल्या की गावोगावी देवळापुढे रात्रभर मराठी संगीत नाटकं होतात, त्या काळी तर या नाटकांना फारच जोर होता. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत अण्णा रात्री घरी दिसायचे नाहीत. तबलजी बहुधा बाहेरगावचा असायचा. तो आल्याआल्या बिदागीचा आकडा सांगायचा, निम्मे पैसे कनवटीला लावायचा आणि मगच तबल्यावर हातोडी घ्यायचा. त्याला कुणी वाईट म्हणत नसे. अण्णांना विचारलं की ते हात जोडायचे. 'वाटेल ते द्या.' पहाटेच्या पहिल्या बसने घरी येत. आई चुलीपुढे बसून त्यांची पिशवी उघडायची. एक श्रीफळ, कधी उपरणं, आणि एक पाकीट. पाकीट ती आधी दिव्यासमोर धरायची, आतली नोट केवढ्याची ते बाहेरून कळतं का बघायला. मग उघडायची, आणि काही न बोलता डब्यात ठेवायची. आमच्या घरात फाल्गुनापर्यंत कोनाड्याखाली नारळांची रास लागायची आणि दुकानदाराची उधारीही तेवढीच वाढलेली असायची.

देवाची सेवा म्हणून वाजवलं असतं तर मी आज चकार शब्द काढला नसता. पण अण्णा लग्नाच्या मैफलीतही हेच म्हणायचे, शाळेच्या गॅदरिंगलाही हेच. म्हातारपणी बोटं वळेनाशी झाली, तेव्हा पेटी विकायला काढली. एक तरुण मुलगा बघायला आला, भाता चालवून पाहिला, सूर लावून पाहिले, किंमत विचारली. अण्णा म्हणाले, 'तुला वाटेल ते दे.' मी दारात उभी होते. मला बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. ती पेटी किती रुपयांना गेली ते आठवलं की आजही माझ्या घशाशी येतं.

बाय, हे वाक्य नम्र वाटतं. ते तसं नाही. तू समोरच्यावर ओझं टाकतेस. त्याला तुझ्या कामाचा दर ठाऊक नसतो. तो बायकोला विचारतो, २,००० घालू की ३,०००, वर एक रुपया ठेवतो आणि पुढे वर्षभर तू दिसलीस की त्याला वाटत राहतं, कमी तर नाही ना झाले? आणि तू घरी येऊन उशीत तोंड खुपसतेस, गोव्यात कदर नाही म्हणून. कदर करायला त्याला तू जागाच ठेवली नाहीस.

आणि गोव्यात या कामाला पैसा नाही म्हणतेस? बाणावलीपासून केळशीपर्यंत किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हिवाळाभर लग्नं लागत असतात. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्या वाटेने वऱ्हाडं उतरतात आणि त्यांच्याबरोबर दिल्लीचे, मुंबईचे फोटोवालेही उतरतात, पेट्या घेऊन. तू ज्या शहराला निघालीस, तिथली माणसं इथे येऊन फोटोचे पैसे मोजताहेत. म्हणून इथेच राहा, असं मी म्हणत नाही. दिल्लीला जरूर जा. बाईला तिथे झेपेल का, ही शंका माझ्या मनाला शिवतही नाही. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला १९४२ मध्ये मुंबईहून दिल्लीला गेल्या आणि पुढे कित्येक वर्षं साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा लावून त्यांनी देशाचा इतिहास टिपला. पण त्या गेल्या ते ठरलेली नोकरी हातात घेऊन. तू काय घेऊन निघालीस?

तुझं पत्र पुन्हा वाच. मैत्रीण म्हणते, भाड्याचं नंतर बघू. दादा दोन लाख देणार, ते कर्ज की भेट, परत कधी, एक अक्षर नाही. मामा म्हणतो, तू आहेसच. आणि त्या लग्नासाठी तू स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, गाडीत एक दिवसाहून जास्त बसून दिल्लीहून येणार, फुकट फोटो काढायला. तुझ्या आयुष्यात जिथे जिथे पैसा आहे तिथे कुणीच काही बोललेलं नाही, आणि सगळ्यांत कमी तू. तुला वाटतं, दिल्लीत ओळखीचं कुणी नाही, तिथे मागायला जड जाणार नाही. मला हे पटत नाही. तिथे फोनवर पहिला प्रश्न येईल, 'पॅकेज क्या है?' चार वर्षं ज्या तोंडाला सवय नाही, ते तोंड म्हणेल, 'जो आपको ठीक लगे.' आणि तिथे पाकिटात निदान २,००१ घालणारी मावशीही नसेल.

तुझे बाकीचे प्रश्न उरकते. लेन्स घेऊ नकोस. मोठ्या शहरांत लेन्स रोजाच्या भाड्याने मिळतात, पहिला हंगाम तसाच काढ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा त्याची झोप आज उडवू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, मात्र करून टाक, ऑनलाइन होते, फुकट होते. आणि एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम म्हणतं की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले तर, उलट काही ठरलेलं नसेल, त्या फोटोंचे पहिले मालक ते. म्हणून पैसे घेशील तेव्हा पावतीवरच एक ओळ लिहून सही घे, की हे फोटो माझं काम म्हणून दाखवण्याचा हक्क माझ्याकडे राहील. आकडा बोलल्याशिवाय पावती नाही, आणि पावतीशिवाय ही ओळ कुठे लिहिणार?

आईबाबांचं का सांगत नाही, तेही ऐक. त्यांनी तुझा धंदा बघितलेलाच नाही. रात्री दोनला पाय ओढत येणारी आणि पाकीट न उघडता पर्समध्ये ठेवणारी मुलगी बघितली आहे. तिला दोन हजार किलोमीटरवर पाठवायला मीसुद्धा तयार झाले नसते.

आता काय करायचं ते. एकच काम.

चवथीच्या आधीच्या रविवारी साखळीला मामाकडे जा. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड सुरू झाली की कुणाचं लक्ष लागणार नाही, म्हणून त्याआधी. फोनवर नाही, मेसेजवर तर मुळीच नाही. मामाने आचाऱ्याला विसार दिला असेल, मांडववाल्याला दिला असेल, बँडवाल्याला दिला असेल. फोटोवालीच तेवढी 'आहेसच'. सोप्यावर त्याच्या शेजारी बस आणि म्हण: 'मामा, लग्नाचे फोटो मी काढीन. दोन दिवसांचे २५ हजार. निम्मे आज, निम्मे फोटो हातात दिल्यावर.' पावतीपुस्तक बरोबर ने, साधं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तेच.

मामा हसेल. 'अगो, भाचीने मामाकडे पैसे मागायचे?' असंही म्हणेल. म्हणू दे. रागावला आणि दुसरा कुणी ठरवला, तर त्या लग्नाला कॅमेरा घरी ठेवून जा, आई काढून देईल ती साडी नेस, पंगतीत बस, बहिणीवर पोटभर अक्षता टाक. मन वाईट करून घेऊ नकोस आणि कुणाला टोमणाही मारू नकोस. पण आकडा खाली आणायचा नाही. मामाला काही द्यायचंच असेल तर लग्नात सगळ्यांदेखत पाकीट दे, तुझं नाव लिहून.

त्याने पैसे दिले तर पावती फाड, सही घे, आणि त्याच पैशांतून नोएडाच्या मैत्रिणीला पहिल्या महिन्याचं भाडं पाठव. आधी तिला विचार, भाडं किती. मग दिल्लीचं तिकीट काढ.

हे सगळं तुला आज अशक्य वाटत असेल, छातीत धडधडत असेल, मला ठाऊक आहे. म्हणून आज रात्री दार लावून आरशासमोर उभी राहा आणि 'पंचवीस हजार' हे दोन शब्द मोठ्याने म्हण. दहा वेळा. पुढे 'पण' नाही, 'म्हणजे' नाही, 'तुम्हाला जमेल तसं' नाही.

मामाकडेही तसंच. आकडा बोलून झाला की गप्प बस. ती शांतता फार लांब वाटेल, ती भरायला जाऊ नकोस. मामी चहा आणेल. तो घे.