'कुटुंबवत्सल' म्हणावे की नाही?

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांचे प्रथम पुण्यस्मरण आहे. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यावर त्यांनी बरीच वर्षे काढली, मग बदली होऊन पुण्याला आले आणि तिथे एका मित्रामुळे लागलेला गोल्फचा नाद निवृत्तीनंतरही सुटला नाही. घरच्या छोट्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावेत, अशी आईची इच्छा आहे. काकांनी वर्तमानपत्रासाठी 'प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' असा मजकूर केला आहे. गोल्फचा उल्लेख मात्र त्यांना नको, कारण तो बड्या लोकांचा खेळ. दादा म्हणतो, 'कुटुंबवत्सल' हा शब्द तू उच्चारलास तर मी उठून जाईन. मार्च १९९९ मध्ये त्याची दहावीची परीक्षा चालू होती आणि बाबा कोयनेला होते. पुढे रविवारी सकाळीही ते घरी नसत. माझा बाबांवर फार जीव होता, पण दादा खोटे बोलत नाही, हेही मला ठाऊक आहे. बाबांच्या कपाटात बुटांच्या खोक्यात गोल्फची जुनी स्कोअरकार्डे (फटक्यांची नोंद करायची कार्डे) सापडली. त्यांच्या मागे पेन्सिलीने 'दादाची फी', 'हिचा चष्मा', 'गॅस' अशा नोंदी आहेत. मी काय बोलू?
– एक मुलगी, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या बुटांच्या खोक्यापाशी थांबले. त्याच्याकडे येतेच, आधी काकांचा मजकूर हातावेगळा करू. वर्तमानपत्राच्या त्या पानावर गेलेला प्रत्येक माणूस प्रेमळ आणि मनमिळाऊच असतो, आणि छायाचित्र बदलले की तोच मजकूर शेजारच्या चौकटीतही चपखल बसतो. तो चार लोकांना तिथी कळावी म्हणून असतो, तेव्हा त्यावरून घरात वाद घालू नका, काकांच्या मनासारखे होऊ द्या. तुम्हाला बोलायचे आहे ते घरातल्या माणसांपुढे, आणि त्यांना बाबा माहीत आहेत.

आता दादांचे दुखणे. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या शिवसागर जलाशयात लेक टॅपिंग झाले. धरण रिकामे न करता जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणत न्यायचा, शेवटी खडकाचा एक पडदा राखायचा आणि तो स्फोटाने उडवून पाणी बोगद्यात घ्यायचे, असे ते काम होते. आशियातला तसा तो पहिलाच प्रयोग म्हणून ओळखला जातो, आणि त्याच पाण्यावर चौथ्या टप्प्याची १,००० मेगावॅटची वीज उभी राहिली. तुमच्या वडिलांच्या वाट्याला त्यातले नेमके कोणते काम होते हे तुम्ही लिहिलेले नाही, पण त्या दिवसांत चौथ्या टप्प्यावरच्या अभियंत्याने रजा मागणे किती अवघड असेल, याचा अंदाज कोणालाही येईल. तरीही, कामाचे मोठेपण सांगून मुलाचे दुखणे लहान करता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पेपर देऊन घरी येतो आणि 'कसा गेला?' हे वडील विचारत नाहीत, एवढीच त्याच्या लेखी त्या मार्च महिन्याची हकीकत आहे, आणि ती पूर्ण खरी आहे. म्हणून तुमच्या बोलण्यात ते एका सरळ वाक्यात येऊ द्या : दादाच्या दहावीच्या वेळी बाबा घरी नव्हते. त्या वाक्याला 'पण' जोडून पुढचे वाक्य सुरू करू नका. माझी एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी पुरे. दादांना उठून जायला लावतो तो शब्द नव्हे, तो 'पण' असतो.

त्या महिन्यात परीक्षा केंद्रापर्यंत दादांबरोबर कोण गेले, डबा कोणी केला, रात्री कोण जागले, हे आईंना विचारा. माणूस नोकरीत आणि छंदात इतका रमू शकतो तेव्हा घर कोणीतरी दुसऱ्याने सांभाळलेले असते. तुमच्या पत्रात आईंचे काम कुठेच नाही, फक्त त्यांची इच्छा आहे. मला ते खटकले.

गोल्फविषयी काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. खेळ खर्चाचा आहे, आणि अठरा होल, म्हणजे अठरा खळग्यांत एकेक करून चेंडू घालत खेळायचे म्हणजे चार तास सहज जातात, म्हणजे रविवारची सकाळ गेलीच. (तुमच्या नाशकात मात्र 'गोल्फ क्लब' म्हटले की लोकांना हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवते, जिथे माणसे फिरायला जातात आणि रणजीचे सामने होतात, त्यामुळे तिथे तरी या शब्दाने कोणी दबणार नाही.) तरीही गोल्फ वगळू नका, आणि त्याचे कारण त्या खेळातच आहे. फटके जितके कमी तितका खेळ चांगला, आणि प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो. चेंडू चुकून हलला, तर दंडाचा फटका खेळाडूने स्वतःच मोजायचा. शेवटी कार्डावर सही करायची, आणि एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिलेला निघाला तर खेळाडू बाद. १९२५ च्या अमेरिकन ओपन या गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूने आपला चेंडू किंचित हलला म्हणून स्वतःवर एक फटका लावून घेतला. तो हलताना दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. पुढे सामना बरोबरीत सुटला आणि जादा फेरीत तो हरला. गोल्फ खेळणारा प्रत्येक जण असा असतो, असे मी म्हणणार नाही. 'हा एक सोडून देऊ' म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पण ज्या माणसाने इतकी वर्षे आपले फटके स्वतः मोजून खाली सही केली आणि ती कार्डे जपून ठेवली, त्याच्या वर्षश्राद्धाला आपण आकडे कमी करून सांगावेत, हे त्याला रुचले असते का, याचा विचार तुम्हीच करा.

त्या कार्डांवर पुढे फटके आहेत आणि मागे गॅस, चष्मा, दादांची फी. मैदानावर चालताना खिशात कार्ड आणि पेन्सिल असायचीच, घर आठवले की तिथेच टिपून ठेवले, इतकेच त्यातून निश्चित कळते. यापेक्षा जास्त अर्थ काढण्याचा मोह आवरा. विशेषतः, 'बघ, त्यांना तुझी आठवण होती' असे म्हणत ते कार्ड दादांपुढे पुराव्यासारखे आपटू नका. आई ऐकत असताना तर नकोच. 'दादाची फी' लिहिलेले एखादे कार्ड कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्यांच्या हातात द्या, काहीही न बोलता. त्यांनी ते खिशात घातले काय किंवा टेबलावर ठेवून दिले काय, तो त्यांचा प्रश्न. जमल्यास त्यांनाही विचारा की, तू दोन मिनिटे बोलशील का. नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका.

तुम्ही स्वतः पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. एक कार्ड घ्या, त्याची तारीख वाचा, पुढची बाजू वाचा, मागची बाजू वाचा. मग त्या रविवारी ते घरी परतले तेव्हाचे जे आठवेल ते सांगा : दारात काढलेले बूट, हातातली भाजीची पिशवी, आल्याबरोबर लागणारा चहा, जे काही तुमच्या घरात घडत होते ते. कोयनेचे एक वाक्य, दादांचे एक, आईंची दोन. 'कुटुंबवत्सल' हा शब्द तुम्ही वापरायचा की नाही, याची काळजी मग उरणार नाही. बसलेल्यांपैकी कोणाला तो वापरावासा वाटला तर ते वापरतील.

आणि एक. पेन्सिलीचे अक्षर वर्षागणिक पुसट होत जाते. खोक्यातली कार्डे दादांना देण्याआधी प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून घ्या, ती ज्या क्रमाने ठेवलेली सापडली त्याच क्रमाने.